पेचकस इथेच राहिला, दादा

दादा,

परवा तुम्ही गेलात, त्यानंतर मी एका लग्नाच्या फोटोंचं 64 जीबीचं कार्ड आतल्या खोलीतल्या सर्व्हरवर, म्हणजे फोटो साठवायच्या डब्यावर, टाकायला लावलं आणि सवयीने कुलूप शोधायला लागले. आमच्याकडे कॉपीला लावायचं, शटर ओढायचं आणि घरी जायचं, सकाळी येऊन बघायचं, असंच चालायचं. सेकंदाला जेमतेम 3 एमबी. म्हणजे एका कार्डाला सहा तास, आणि लग्नसराईत रोज चार-पाच कार्डं. परवा मात्र कुलूप हातात येऊन पिशवी भरेपर्यंत अर्धं कार्ड गेलं होतं. मग मी परत बसले, अर्ध्या तासात सगळं संपताना बघितलं.

तुमच्याआधी वायफाय बघायला दोघं येऊन गेले. पहिल्याने दारातूनच निदान केलं, इंटरनेटचा प्लॅन वाढवा. वाढवला. त्या आतल्या डब्यापर्यंत फोटो न्यायला इंटरनेट लागतच नाही, हे त्याला माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे. दुसऱ्याने सहा शिंगांचा, म्हणजे सहा अँटेनांचा, राऊटर विकला आणि जुना होता त्याच कोनाड्यात तोही ठेवला. आणि वर, निघताना विचारलं, "इथं कोणी माणूस नाही का, समजावून सांगायला?" अठरा वर्षं हा स्टुडिओ मी चालवते. त्याने सगळं समजावलं माझ्या भाच्याला, जो बारावीत आहे आणि त्या वेळी मोबाइलवर क्रिकेट बघत होता.

तुम्ही आलात तेव्हाही भाचा समोरच होता. तुम्ही स्टूल ओढलंत आणि माझ्याकडे तोंड करून बसलात. बस, एवढंच. "ताई, एक फाइल टाकून दाखवा न." मी टाकली. तुम्ही कशालाही हात न लावता ती पट्टी सरकताना बघत राहिलात. मग विचारलंत, "कधीपासून होऊन राहिलं असं?" मी म्हटलं, थंडीत बरं असतं, उन्हाळ्यातच रडतं. तुम्ही मान वळवून कूलरकडे बघितलंत आणि हसलात. सोबतच्या पोराला म्हणालात, "ताईनंच शोधलं, आपण फक्त पत्रा हलवायचा."

दरवर्षी एप्रिलमध्ये त्या कोनाड्यासमोर मी स्वतः कूलर उभा करते. पत्र्याचं अंग, पोटात पाणी, तिन्ही बाजूंनी ओल्या वाळ्याच्या ताट्या. वायफायच्या लहरींनी जायचं कुठून? त्यात लॅपटॉपही वायफायवर, सर्व्हरही वायफायवर, म्हणजे एकच फोटो त्याच हवेतून दोनदा उडणार. सर्व्हरला वायर आणि राऊटर दारावर उंच, यापलीकडचं तुम्ही काय केलं ते मला सांगता येणार नाही. पण एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर तुम्ही पेन्सिलीने लिहून दिलंत ते पाठ झालंय: 8 बिट म्हणजे 1 बाइट, म्हणून 100 एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला 12.5 एमबी, तेही कागदावर. प्लॅन विकणाऱ्याने हा भागाकार एकदा तरी करून दाखवायला हवा होता.

नागपुरात, महाल भागातल्या आमच्या गल्लीत कामाची माणसं पुष्कळ आहेत. समोरच्याचं ऐकून घेऊन मग हात लावणारी कमी. डॉक्टर असो, प्लंबर असो, ज्याला घाई नाही त्याच्यासमोर आपल्यालाही आपलंच दुखणं नीट सांगता येतं बाप्पा. मला तर परवा कळलं की मला बरंच कळत होतं.

सहा शिंगांचा राऊटर चांगलाच आहे, तुम्ही म्हणालात म्हणून ठेवला. भाच्याला पत्रिका दाखवली, तो "हो मावशी" म्हणाला आणि परत मॅचमध्ये गेला.

तुमचा पिवळ्या मुठीचा पेचकस कूलरच्या स्टँडवर राहिलाय. पुसून गल्ल्यात ठेवलाय. ऊन उतरल्यावर या, पाचनंतर. चहा राहिलाच होता तुमचा.


तुमची,
स्टुडिओवाली ताई