हाडं ओळखल्याशिवाय मूर्ती उभी राहत नाही

संपादक महोदय,

गोव्यात माशेलला आमची गणपतीची चित्रशाळा आहे. बाबा चिकणमातीत हात घालतात. मी वर्षभर ब्लेंडर या संगणकावरच्या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये माणसं घडवायला शिकते आहे. पैसे भरून एक कोर्सही केला. तिथे बटणं शिकवली, शरीर नाही. माझ्या आकृतीने हात वर केला की खांदा दुमडलेल्या उशीसारखा दिसे. चूक बाबांनी ओळखली: "पाठ बघ गो, खवाटा जागचा हललाच नाही!"

हात डोक्यावर गेला की पाठीवरचा खवाटा, म्हणजे खांद्याचं पातं, फिरून बाहेर सरकतो, हे मग मी आषाढात देवकीकृष्णाच्या देवळाजवळच्या मैदानावर, चिखलात खेळायच्या चिखलकाला उत्सवात, उघड्या पाठींवर डोळे भरून पाहिलं. तेव्हापासून आधी हाडं, मग स्नायू, शेवटी त्वचा असाच क्रम ठेवते. तळहात पालथा केला की अंगठ्याकडचं हाड करंगळीकडच्या हाडावरून तिरकं जातं, म्हणून मनगटाजवळचा हात पिळलेला दिसतो. बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा खाली असतो. माझे दोन्ही सारख्या उंचीवर होते!

हे सगळं पडद्यावरच्या चित्रांवरून नीट कळत नाही. हाड हातात घेऊन फिरवून पाहावं लागतं. पणजीत आल्तिनोवर कला महाविद्यालय आहे, बांबोळीला 1842 पासूनची परंपरा सांगणारं वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोघांनी मिळून महिन्यातला एक रविवार, सांगाडा आणि जिवंत मॉडेल समोर ठेवून, बाहेरच्या शिकणाऱ्यांसाठी खुला करावा, अशी कळकळीची विनंती. चित्रशाळांतली मुलंही येतील.

एक विद्यार्थिनी, माशेल