कोबाल्टची ट्यूब बसवून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

एक्सआरडीवरची (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखणाऱ्या यंत्रावरची) तांब्याची ट्यूब काढून कोबाल्टची बसवायची आणि पुन्हा अलाइनमेंट करायची, हे वेळखाऊ काम. ते तुम्ही आमच्या लोहखनिजासाठी केलंत, म्हणून हे पत्र.

तांब्याच्या ट्यूबच्या मुख्य, म्हणजे के-अल्फा, किरणांची ऊर्जा ८.०४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. लोखंडाची के-कडा (जिच्या वरची ऊर्जा शोषून लोखंड स्वतःचे क्ष-किरण सोडू लागतं) ७.११ वर, म्हणजे सॅम्पल स्वतःच प्रकाशू लागतं, बॅकग्राउंड वर चढतो आणि लहान पीक (आलेखातली टोकं, ज्यांवरून खनिज ओळखतात) त्यात बुडतात. कोबाल्टची ऊर्जा ६.९३, कडेच्या खाली. शिवाय लोखंडात तांब्याचे किरण ४ मायक्रॉनमध्येच तिसऱ्या हिश्शावर येतात, कोबाल्टचे २० च्या पुढे जातात. क्षपण, म्हणजे खनिजातला ऑक्सिजन काढून लोखंड करणं, कणाच्या बाहेरून आत सरकतं. नुसती साल पाहिली तर आत उरलेलं हेमाटाइट (मूळ लोह-ऑक्साइड) दिसतच नाही, आणि क्षपण पुरं झालं असं वाटतं.

दुसरे आभार गरम स्टेजवर (यंत्रातच सॅम्पल तापवणाऱ्या बैठकीवर) हायड्रोजन चालू ठेवून घेतलेल्या स्कॅनबद्दल. भट्टीतून काढून आणलेलं सॅम्पल फसवतं. ५७० अंश सेल्सिअसच्या वर मॅग्नेटाइट आणि लोखंड यांच्यामध्ये वूस्टाइट येतं (मॅग्नेटाइट आणि वूस्टाइट ही हेमाटाइटहून कमी ऑक्सिजनची ऑक्साइडं), पण वूस्टाइट सावकाश थंड केलं तर मोडून पुन्हा मॅग्नेटाइट आणि लोखंड होतं. मग तो थंड होतानाचा मॅग्नेटाइट ‘अर्धवट क्षपण’ म्हणून नोंदला जातो. स्टेज नसेल तर निष्क्रिय वायूत झटकन थंड करणं हाच मार्ग.

कोबाल्टवर हेमाटाइटचा पीक ३८.७ अंशांच्या कोनाला, मॅग्नेटाइटचा ४१.४ ला, लोखंडाचा ५२.४ ला. वूस्टाइटचा ४२.२ चा पीक मॅग्नेटाइटला खेटून असतो, म्हणून तुम्ही सांगितलंत तसा ४९.२ चाच धरावा. हे आकडे खोलीच्या तापमानाचे. तापल्यावर सगळे पीक डावीकडे सरकतात. त्यात क्षपणाने सॅम्पल आकसून पृष्ठभाग खाली बसतो, त्याचीही चूक त्याच दिशेने जाते. दोन्ही वेगळं करायला रिटव्हेल्डमध्ये (सगळा आलेख गणिताने जुळवण्याच्या पद्धतीत) उंचीची दुरुस्ती हवीच.

गरम स्टेजच्या प्लॅटिनमच्या पट्टीवर पूड थेट न टाकण्याची तुमची ताकीदही मोलाची. तयार झालेलं लोखंड उष्णतेत प्लॅटिनमशी मिश्रधातू करतं, आणि पट्टीही जाते. अ‍ॅल्युमिनाची वाटी घेतली, तर मात्र कोरंडमचा (म्हणजे वाटीचाच) ४१.१ चा पीक मॅग्नेटाइटला चिकटतो. रिकाम्या वाटीचं स्कॅन आधी घ्यावं. थर पातळ ठेवावा, नाहीतर तयार होणारी वाफ तळाशी अडकते आणि तिथलं क्षपण मागे पडतं.

गोव्याच्या खनिजाबद्दलची तुमची शंका खरी होती. त्यात गोएथाइट (पाणी धरून ठेवलेलं लोह-ऑक्साइड) असतं. ते तापून पाणी गेलं की हेमाटाइट बनतं, पण १०४ चा पीक रुंद आणि ११० चा टोकदार राहतो (हे अंश नव्हेत, स्फटिकातल्या प्रतलांचे क्रमांक). सरसकट रुंदीवरून कणांचा आकार काढला असता तर चुकलाच असता.

थंड झालेलं बारीक लोखंड एकदम हवेत काढलं तर पेटू शकतं. नायट्रोजनमध्ये १ टक्का ऑक्सिजन सोडून आधी त्यावर पातळ ऑक्साइड बसू द्यायची तुमची पद्धत आता आमच्याही भट्टीशेजारी लिहून लावली आहे. कच्च्या फायली जपून दिल्यात, त्याबद्दल वेगळे आभार.

तुमचे,
क्षपणाच्या भट्टीवर काम करणारे