कॅमेरा दात्याकडे वळू द्या, घेणाऱ्याकडे नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

समाजमाध्यमांवर गाजणारी दानाची 'चॅलेंज' ही उदारता की आत्मप्रौढी, या विषयावर आपल्या वाचकपत्रांच्या सदरात सध्या चालू असलेली चर्चा मी लक्षपूर्वक वाचत आहे. दान गुप्तच असावे असे बजावणारे ज्येष्ठ वाचक एका बाजूला आहेत आणि 'निदान काहीतरी देतात ना' असे म्हणणारी तरुण मंडळी दुसऱ्या बाजूला. माझी सारी नोकरी नागपुरातील एका रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून झाली आणि त्यामुळे देणाऱ्यांइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, घेणाऱ्यांच्या नातेवाइकांशी माझा संबंध आला. त्या अनुभवावरून मला असे वाटते की दात्याच्या मनात काय होते याचा शोध घेण्यात आपण नको इतके गुंतलो आहोत. ते मन कोणालाच उघडून पाहता येत नाही आणि खाटेवरच्या रुग्णाला त्याच्याशी काही कर्तव्यही नसते. दिलेली वस्तू त्याच्यापर्यंत वेळेवर पोहोचली का, आणि ती घेताना त्याला मान खाली घालावी लागली का, हे दोन प्रश्न मात्र विचारता येतात आणि त्यांची उत्तरेही मिळतात.

या प्रकारातील सर्वांत गाजलेले उदाहरण २०१४च्या 'आइस बकेट चॅलेंज'चे आहे. बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून घ्यायची, त्याची चित्रफीत टाकायची आणि आणखी काही जणांची नावे घेऊन त्यांना चोवीस तासांची मुदत द्यायची, असा तो पैजेचा विडा होता. स्टीफन हॉकिंग यांना जडलेल्या एएलएस या, हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या चेतापेशी क्रमाक्रमाने निकामी करणाऱ्या आजारासाठी निधी गोळा करणे हा त्याचा हेतू होता. अमेरिकेतील एएलएस असोसिएशनकडे त्या काही आठवड्यांत ११ कोटी ५० लाख डॉलर जमा झाले, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने सुमारे ७०० कोटी रुपये. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश रक्कम संशोधनाकडे वळवण्यात आली, आणि एनईके१ या जनुकाचा या आजाराशी संबंध असल्याचे २०१६ मध्ये ज्या संशोधनातून जाहीर झाले, त्यालाही याच निधीचा हातभार लागला होता. याच पैशांची मदत मिळालेल्या एका औषधाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली, पण पुढे मोठ्या चाचणीत ते निष्प्रभ ठरले आणि २०२४ मध्ये कंपनीने ते बाजारातून मागे घेतले. यशाबरोबर हे अपयशही जगाला कळले, याला मी फार महत्त्व देतो, कारण पैसा कुठे गेला हे त्यामुळेच आज आपण सांगू शकतो. बादल्या ओतून घेणाऱ्यांत हौशे, नवशे, गवशे सगळेच होते. कित्येकांनी एक पैसाही दिला नसेल आणि कित्येकांना आजाराचे नावही ठाऊक नसेल, तरीही संशोधकांच्या प्रयोगशाळेत जो पैसा पोहोचला तो खराच होता.

पाण्याच्या नासाडीचा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो रास्त होता. हैदराबादेतील एका महिला पत्रकाराने त्याच वर्षी त्याला 'राइस बकेट चॅलेंज' हे आपल्याकडचे रूप दिले, त्यात बादलीभर तांदूळ गरजूला द्यायचे होते. २०१९च्या जुलैत ज्या नागपूरकरांना एक दिवसाआड नळाचे पाणी मिळाले, त्यांना बर्फाच्या बादलीपेक्षा तांदळाची बादली अधिक पटेल, हे वेगळे सांगायला नको.

दान गाजावाजा न करता करावे, हा आदर्श मला मान्य आहे. परंतु आपली परंपरा त्याच एका आदर्शावर चालत आली, असे ज्येष्ठ वाचकांनी सुचवू नये. लग्नातील आहेर आपण वहीत नावानिशी लिहून ठेवत आलो. गणेशोत्सवाची वर्गणी नाव आणि रक्कम घेऊन ध्वनिक्षेपकावरून जाहीर करत आलो. देवळाच्या पायरीवर दात्याचे नाव कोरले जाते आणि सभामंडपातल्या पंख्याच्या पात्यांवर ते अशा ठळक अक्षरांत रंगवले जाते की वाऱ्यापेक्षा नावच अधिक फिरावे. आपल्या विदर्भाच्या मातीतल्या गाडगेबाबांनी तर भर कीर्तनात, हजारोंच्या समोर, लोकांकडे हक्काने मागितले आणि त्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या केल्या. चारचौघांत मागणे आणि चारचौघांत देणे यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही. त्या वास्तूंवर स्वतःचा किंवा आप्तांचा हक्क राहू नये, याची दक्षता मात्र त्यांनी घेतली. चारचौघांत देण्याला दोष द्यायचा, तर तो मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून द्यावा लागेल.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो कॅमेरा कोणाच्या तोंडासमोर धरला जातो याविषयी आहे. बर्फाच्या बादलीच्या प्रकरणात हसे झाले ते देणाऱ्याचे. गारठून ओरडणारा, केस चिकटलेला, फजिती झालेला चेहरा त्याचा स्वतःचा होता. ज्यांच्यामुळे ती मोहीम घरोघर पोहोचली, ते पीट फ्रेट्स आणि पॅट क्विन हे दोघे तरुण स्वतःच या आजाराचे रुग्ण होते. ते आपल्या मर्जीने लोकांसमोर आले आणि त्यांना जे सांगायचे होते ते त्यांनी स्वतः सांगितले. फ्रेट्स २०१९ मध्ये आणि क्विन २०२० मध्ये गेले.

आता आपल्याकडे काय चालते ते पाहा. डिसेंबरच्या थंडीत मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, परिसरात रात्री नऊनंतर जाऊन यावे. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, भंडारा, तसेच मध्य प्रदेशातील बालाघाट आणि छिंदवाडा येथून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक चादरी अंथरून तिथे झोपलेले असतात. मोटारीतून चार-पाच तरुण उतरतात, एकाच्या हातात ब्लँकेटांची थप्पी आणि दुसऱ्याच्या हातात दिवा लावलेला मोबाइल. झोपलेल्या म्हातारीला उठवले जाते, ब्लँकेट तिच्या हातात ठेवून क्षणभर थांबायला सांगितले जाते, आणि चित्रण मनाजोगे झाले नाही तर तेच ब्लँकेट परत घेऊन पुन्हा दिले जाते. हे मी ऐकीव सांगत नाही, डोळ्यांनी पाहिले आहे. ब्लँकेट उबदार होते, हे मान्य. ती मुले दुष्ट नव्हती, हेही मान्य. परंतु जिचा मुलगा आत अतिदक्षता विभागात आहे, ती बाई पुढचा महिनाभर कोणत्या तरी अनोळखी माणसांच्या मोबाइलवर, खाली करुण संगीत लावलेल्या चित्रफितीत, हात पसरलेली दिसत राहते. तिच्या गावातही मोबाइल पोहोचलेले आहेत. तिला 'चालेल का' असे विचारले गेले नव्हते, आणि विचारले असते तरी हातातले ब्लँकेट परत जाईल या भीतीपोटी ती नाही म्हणू शकली नसती.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि ती मी नोकरीच्या अनुभवावरून सांगतो. पैसा साठवून ठेवता येतो, रक्त तसे साठवता येत नाही. तांबड्या पेशींची पिशवी त्यातील द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकते, प्लेटलेट जेमतेम पाच दिवस. एकदा रक्त दिलेल्या पुरुषाला पुढचे तीन महिने आणि स्त्रीला चार महिने पुन्हा देता येत नाही. एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला किंवा मोबाइलवर फिरणाऱ्या आव्हानामुळे सारे शहर एकाच रविवारी रक्त द्यायला लोटले, तर ती ढगफुटी ठरते, आणि शेताला हवी असते ती संततधार. त्या रविवारी शिबिरांत रांगा लागतात, प्रमाणपत्र हातात धरून छायाचित्रे निघतात, रक्तपेढीची शीतकपाटे भरून जातात. महिना-सव्वा महिन्याने त्यांतल्या न वापरलेल्या पिशव्या मुदत संपल्याने नष्ट कराव्या लागतात आणि नेमके तेव्हाच ते सर्व उत्साही दाते नियमानुसार अपात्र असतात. नंतर मे महिना येतो. पारा ४५च्या पुढे जातो, महाविद्यालये बंद असतात, निम्मे शहर गावी गेलेले असते, आणि खिडकीवर उभ्या असलेल्या नातेवाइकाला 'बदली रक्तदाता घेऊन या' असे सांगण्याची वेळ कर्मचाऱ्यावर येते. गडचिरोलीतल्या धानोऱ्याहून किंवा एटापल्लीहून आलेल्या माणसाने या शहरात रक्तदाता कोठून आणायचा?

विदर्भात तर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा प्रश्न असल्यामुळे ही टंचाई अधिक बोचते. या रुग्णांपैकी अनेकांना वरचेवर रक्त चढवावे लागते. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त मोफत द्यावे, असे धोरण आहे आणि ते योग्यच आहे, परंतु मोफत द्यायलाही पिशवी असावी लागते. २०४७पर्यंत या आजाराचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट ठेवून केंद्राने जुलै २०२३ मध्ये मोहीम सुरू केली आणि त्यात सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. या तपासणीसाठी, किंवा मे महिन्यातल्या एका पिशवीसाठी, कोणी कोणाला आव्हान दिल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. त्यात चित्रित करण्याजोगे काही नसते, हे त्याचे कारण असावे. आव्हान द्यायचेच असेल तर असे द्यावे की पुरुषाने वर्षातून चार वेळा आणि स्त्रीने तीन वेळा, रक्तपेढीने बोलावले त्या दिवशी, मुकाट्याने येऊन रक्त द्यायचे. चित्रफीत स्वतःच्या दंडाची टाका, रुग्णाची नको.

उघडपणे थोडेसे करून झाले की माणसाला आपले कर्तव्य पुरे झाल्यासारखे वाटते, हा आक्षेपही निराधार नाही. कॅनडातील संशोधकांनी २०१४ मध्येच प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे आढळले की ज्यांनी पाठिंब्याची खूण चारचौघांत मिरवली, ते पुढे प्रत्यक्ष मदत मागितल्यावर ती खूण खासगीत घेणाऱ्यांपेक्षा कमी पुढे आले. शिवाय लाटेचे आयुष्य तोकडे असते. बर्फाच्या बादलीचा प्रयोग २०१५च्या ऑगस्टमध्ये पुन्हा झाला, तेव्हा आदल्या वर्षीच्या मानाने अगदी किरकोळ रक्कम जमली.

राहिला हिशेब. आपल्या राज्यात धर्मादाय कारणासाठी लोकांकडून पैसे गोळा करणे हे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कक्षेत येते. नोंदणी नसलेल्या मंडळांनाही त्यातील कलम ४१-क नुसार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावे लागते, आणि गणेशोत्सव मंडळे ते करतातही. चित्रफितीखाली स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड टाकून 'चॅलेंज' चालवणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते? देणाऱ्यांनीही पावती मागायला लाजू नये. देणगीवरची प्राप्तिकराची सवलत रोख दोन हजारांपुढे मिळत नाही ती उगाच नाही. देताना पत्ता नीट पाहावा, हे तर साऱ्या जगाने शिकण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये मेकअपविना छायाचित्र टाकण्याच्या मोहिमेतून तेथील कॅन्सर रिसर्च यूके या संस्थेला सहा दिवसांत ८० लाख पौंड मिळाले, पण लघुसंदेशात चुकीचा शब्द टाकल्यामुळे काहींचे पैसे युनिसेफकडे गेले आणि काहींनी तर नकळत ध्रुवीय अस्वल दत्तक घेण्याची चौकशी करून टाकली! तिथे निदान चूक कुठे झाली हे शोधता आले. वैयक्तिक खात्यात गेलेल्या पैशांच्या बाबतीत ती सोयही नसते.

शेवटी एक विनंती आपल्या दैनिकालाही करावीशी वाटते, कारण हा खेळ मोबाइलच्या आधी वृत्तपत्रांनी चालवला आहे. 'रुग्णांना फळवाटप' या मथळ्याखाली, एका केळ्याला आठ जणांचे हात लागलेले आणि मधोमध खाटेवरचा रुग्ण संकोचून पाहत असलेला, असे छायाचित्र आपल्याही पानांवर वर्षानुवर्षे येत आले आहे. रुग्णाचा किंवा मदत घेणाऱ्याचा चेहरा दिसणारी अशी छायाचित्रे, त्याने स्वतः होऊन संमती दिल्याशिवाय, यापुढे छापू नयेत. त्या जागेत शहरातील रक्तपेढ्यांकडे कोणत्या गटाचे किती रक्त शिल्लक आहे याचा तक्ता आठवड्यातून एकदा द्यावा. ई-रक्तकोश या शासकीय संकेतस्थळावर ही माहिती उपलब्ध असते. आणि ज्या मंडळाने किंवा तरुणांच्या गटाने मोठे 'चॅलेंज' राबवले असेल, त्याची बातमी त्या दिवशी दोन ओळींत द्यावी, पण तीन महिन्यांनी त्यांच्याकडून जमा-खर्च मागवून तो सविस्तर छापावा. नावे ठळक अक्षरांत छापायला तेव्हा माझी काही हरकत असणार नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ,
प्रतापनगर, नागपूर