पेटी घेण्याआधी तार तपासा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घरचे व्हिडिओ एका पेटीत साठवून टीव्हीवर बघायचे, त्या ‘नॅस’बद्दल, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीबद्दल, आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. किती खणांची पेटी, किती टेराबाइट, कोणती डिस्क, सगळं होतं. पेटी ते टीव्ही या वाटेबद्दल मात्र एक ओळ नाही. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एमडीएफवर, म्हणजे सगळ्या लाइनी जिथे येऊन मिळतात त्या सांगाड्यावर, जोडतारा टाकण्यात गेली, त्यामुळे हे खटकलं. शिवाय याच वाटेपायी आमचे २५ हजार पाण्यात गेलेत, ते वेगळं दुःख.

आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर कॅमेऱ्याचं वेड लागलं. रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यासमोरच्या एका गॅलरीत जागा धरून गेर, म्हणजे रंग-गुलालाची मिरवणूक, टिपायची, अनंत चतुर्दशीला रात्रभर जागून गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, टिपायच्या, आणि सगळं फोर-केमध्ये. कॅमेऱ्यात दर सेकंदाला ६० किंवा १०० मेगाबिट असे दोन पर्याय आहेत. हे अर्थातच १०० वर. म्हणजे तासाला ४५ गिगाबाइट. कॉम्प्युटर दोन वर्षांत भरला, म्हणून दोन डिस्कची पेटी आणली आणि खाली हॉलमध्ये राउटरशेजारी ठेवली. टीव्ही वरच्या खोलीत. मधली केबल घर रंगवताना कोणीतरी टाकून गेलेला.

नातीच्या बारशाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ झकास चालायचा. गेर लावली की गुलालाची पहिली तोफ उडेपर्यंत ठीक, मग चित्र गोठायचं आणि मधोमध चक्र फिरत बसायचं. मी चहा टाकून यायची तरी फिरतंच आहे. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “आंटीजी, डिस्क स्लो है. एसएसडी डलवा लो, मक्खन चलेगा.” दोन एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्क, घेतल्या. तेच ते २५ हजार. गेर पूर्वी जिथे अडायची तिथेच अडली.

आता साधा हिशेब बघा. फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्कसुद्धा सलग वाचताना सेकंदाला दीडशे मेगाबाइट देते. मेगाबाइट, मेगाबिट नव्हे. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून आठाने गुणलं की बाराशे मेगाबिट. व्हिडिओला हवेत शंभर. डिस्क हळू असण्याचा प्रश्नच कुठे येतो? हा आठाचा गुणाकार मी तेव्हा केला नाही, दुकानदाराने कधीच केला नसावा.

खूण पटली ती भलत्याच वेळी. वरच्या कॉम्प्युटरवरून पेटीत फाइली टाकताना वेगाचा आकडा ११ मेगाबाइटच्या वर जाईना. जुनी डिस्क असो, नवी असो, ११. असा आकडा एका जागी अडला की आमच्या खात्यातला माणूस एकच गोष्ट म्हणतो, तारांची जोडी तुटली आहे. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन भिंतीवरचा डबा उघडला. केबल चांगली कॅट-६ दर्जाची, आत आठ तारा. पण प्लगमध्ये गेलेल्या फक्त चार, नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी. निळी आणि तपकिरी कापून मागे दुमडून वर टेप गुंडाळलेला, इतका नीट की पाहुण्याला वाटावं मुद्दाम सजवलंय! चार तारांवर लाइन शंभर मेगाबिटला जुळते. हजाराला आठही लागतात. शंभरातून वरखर्च वजा जाऊन हातात उरतात ते हे ११ मेगाबाइट.

तारांना प्लग बसवायचं क्रिंपिंगचं पकड-यंत्र माझ्याकडे होतंच. चष्मा लावून दोन्ही टोकं नव्याने केली. राउटरवरचा पिवळा दिवा हिरवा झाला, कॉपी ११ वरून ११० वर गेली. मोठ्या ऐटीत ह्यांना म्हटलं, लावा गेर. गेर पुन्हा अडली.

हे मला खरंच माहीत नव्हतं, आणि खात्यात राहून माहीत नव्हतं याची लाज वाटली. टीव्ही फोर-केचा, पडदा ५५ इंचाचा, पण त्याच्या मागचं केबलचं पोर्टच शंभर मेगाबिटचं. बाजारातल्या बऱ्याच टीव्हींचं असंच असतं. शंभराची फाइल शंभराच्या पोर्टातून जाणार कशी? शेवटी त्या खोलीत एक जास्तीचा राउटर केबलला जोडला आणि टीव्हीला पाच गिगाहर्ट्झचं वायफाय दिलं. मधे भिंत नसली तर ते शंभराच्या पोर्टाहून वेगात चालतं. तारेत जन्म काढलेल्या बाईने तार काढून वायफाय लावलं, यावर घरात अजून हसतात.

ज्यांचे व्हिडिओ मोबाइलचे आहेत त्यांना एवढं लागणार नाही, पन्नासेक मेगाबिटमध्ये भागतं. त्यांनी वेगळी गोष्ट बघावी. फाइल ज्या पद्धतीने बांधलेली आहे ती टीव्हीला उलगडता आली पाहिजे. नाही आली तर पेटीला ती चालता चालता बदलून द्यावी लागते, आणि स्वस्त पेटीतल्या चिपला फोर-केला असं करताना धाप लागते.

दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवतात त्या आरशाचा आपल्या लेखात फार गौरव आहे. आरशात तुमची चूकही दिसते, साहेब. ह्यांनी ‘जागा मोकळी करतो’ म्हणत बारशाचा फोल्डर पुसला, तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी गेला. वाचला तो दिवाळीत मुलगी भोपाळला घेऊन गेलेल्या वेगळ्या डिस्कमुळे. त्या एसएसडींवर उधळलेल्या पैशांत अशा दोन डिस्क आल्या असत्या. पेटीला आणि राउटरला छोटा यूपीएसही हवा. पावसाळ्यात आमच्या राजेंद्रनगरात वीज दिवसातून दोनदा तरी डोळा मारते. आणि बाहेरगावाहून बघता यावं म्हणून पेटी सरळ इंटरनेटवर उघडी ठेवू नये. २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या खंडणीखोर व्हायरसने अशाच उघड्या पेट्यांतल्या फाइलींना कुलूप लावून खंडणी मागितली होती.

महालक्ष्मीनगरात भाच्याचं घर बांधून होतंय. परवा तिथे जाऊन बसले आणि इलेक्ट्रिशियनकडून आठही तारा लावून घेतल्या. “माताजी, चार में भी चल जाता है,” तो म्हणाला. चालतं हे खरंच, म्हणून तर आमच्याकडे इतकी वर्षं कोणाला कळलं नाही.

आपल्याला एकच विनंती. पुढच्या वेळी पेट्यांच्या किमतींचा तक्ता छापाल तेव्हा शेजारी टीव्हींच्या केबल-पोर्टाचा वेगही छापा. भाच्याच्या टीव्हीसाठी आम्ही तीन दुकानं फिरलो. इंच सगळ्यांनी सांगितले, हा आकडा एकानेही नाही.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त टेलिफोन कर्मचारी
राजेंद्रनगर, इंदूर