विक्रांत आणि कॅटापुल्ट

महोदय,
रविवारच्या अंकातील विमानवाहू नौकांवरील लेखात नव्या ‘विक्रांत’वरून विमाने कॅटापुल्टने, म्हणजे विमानाला वेगाने पुढे ओढून हवेत सोडणाऱ्या यंत्राने, सोडली जातात, असे विधान आहे. ते दुरुस्त व्हायला हवे. २०२२ मध्ये दाखल झालेल्या या नौकेवर कॅटापुल्ट नाही. मिग-२९के हे लढाऊ विमान स्वतःच्या इंजिनांच्या जोरावर डेकच्या टोकाच्या चढावावरून, म्हणजे स्की-जंपवरून झेपावते.

वाफेचे कॅटापुल्ट होते ते १९६१ च्या जुन्या विक्रांतवर. सी हॉक आणि अलिझे विमाने त्यानेच उडत. सी हॅरियर विमाने आल्यानंतर तिथेही स्की-जंप बसवला गेला. वाफेच्या कॅटापुल्टमध्ये बॉयलरची वाफ साठवून डेकखालच्या दोन सिलिंडरांत सोडतात. त्यांतील दट्ट्यांना जोडलेला, डेकच्या खाचेतून धावणारा आकडा विमानाला ओढतो. विमानाला मागे धरून ठेवणारा दुवा ठरावीक ताणालाच तुटतो. दाब विमानाच्या वजनानुसार लावावा लागतो. कमी पडला तर विमान थेट समुद्रात, जास्त झाला तर सांगाड्याला इजा.

हा फरक तपशिलाचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. स्की-जंपवरून उडताना वारा आणि नौकेचा वेग कमी असेल, तर इंधन किंवा शस्त्रे कमी घ्यावी लागतात. टेहळणीची जड, पंख्याची विमाने तर उडवताच येत नाहीत. म्हणून ते काम कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरांवर येते, आणि ती विमानांइतकी उंची गाठू शकत नाहीत की तितका वेळ हवेत राहू शकत नाहीत. पुढच्या विमानवाहू नौकेची चर्चा करताना वाचकांना हे ठाऊक असले पाहिजे.

– एक वाचक, मुंबई