गुलमर्ग स्की शिबिर : रविवारी पर्वतीला या

मंडळी, झेलम एक्स्प्रेस गाठायला तीनच आठवडे उरलेत. येत्या रविवारी सकाळी ६ वाजता सगळ्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी हजर राहायचं आहे. पायऱ्या दोनदा चढायच्या, मग भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं दोन मिनिटं थांबायचं. मांड्या थरथरल्या की कळेल स्कीइंगला काय लागतं ते!

– गुलमर्ग साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे. पहिल्या दिवशी पडायला, उठायला आणि स्कीची पुढची टोकं जवळ आणून वेग कमी करायला शिकवतील. गोंडोलाच्या (तिथल्या केबल कारच्या) वरच्या टप्प्यावरून नवख्यांनी स्की करायची नाही. हट्ट चालणार नाही.

– जीन्स नको, भिजली की वाळत नाही. वॉटरप्रूफ पँट, लोकरीचे मोजे, हातमोजे, गॉगल हवेतच. स्की आणि बूट तिथे भाड्याने मिळतात.

– आपलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर फोन लागत नाही म्हणून इकडे घाबरगुंडी उडेल.

– १८ वर्षांखालच्यांनी पालकांचं संमतीपत्र रविवारीच द्यायचं.

चिवडा-लाडू जरूर आणा, पण बेतानं. मागच्या ट्रिपला सॅकमध्ये स्वेटरपेक्षा चकल्याच जास्त होत्या.