कुठली पुस्तकं ठेवायची

प्रिय बाळा,

कॅनडातल्या फार्मासिस्टच्या परीक्षेसाठी कुठली पुस्तकं ठेवू म्हणून तू पाठवलेला फोटो दुपारी दुकान बंद केल्यावर मोठा करून बघितला. सात पुस्तकं, दोन टेस्ट सिरीज आणि सगळ्यात खाली ती 'रिकॉल'ची पीडीएफ. आधी तिचंच सांगते. ती घेऊ नकोस. परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवून लिहिलेले प्रश्न आहेत ते. पेपरातलं बाहेर सांगायला पीईबीसीची, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या त्या मंडळाची, सक्त मनाई आहे, आणि त्यात तुझं नाव कुठे अडकलं तर चार वर्षांचं बी.फार्म आणि तिथल्या थंडीत केलेल्या रात्रपाळ्या पणाला लागतील. शिवाय ती उत्तरं तपासली कोणी? बॅच नंबर नसलेली स्ट्रिप आपण काउंटरवर ठेवत नाही.

आता पुस्तकं. तुझ्या रूममेटने दिलेली चार अमेरिकेच्या नॅप्लेक्ससाठीची, म्हणजे तिथल्या फार्मासिस्टच्या परीक्षेसाठीची आहेत. फार्माकोलॉजी, फार्माकोकायनेटिक्स आणि गणितं त्यातून खुशाल कर. पण कायदा त्यातून वाचू नकोस, आणि नावं व युनिट जपून. आपलं पॅरासिटामॉल कॅनडातही ॲसिटामिनोफेनच, ग्लिबेन्क्लामाइडचं ग्लायब्युराइड, रिफॅम्पिसिनचं रिफॅम्पिन. सालब्युटामॉल मात्र तिथे सालब्युटामॉलच राहतं. अमेरिकन पुस्तकात ते अल्ब्युटेरॉल असेल.

युनिटचं एवढं सांगते त्याला कारण आहे. मागच्या दिवाळीत टोरांटोहून आलेल्या एक बाई दुकानात आल्या. चक्कर येते म्हणाल्या, स्वतःचं मीटर काढून साखर बघितली. 14.2. मला 14 दिसलं आणि हात ग्लुकोजच्या डब्याकडे गेला. पण बाई तर खुर्चीत बसून नीट बोलत होत्या. साखर 14 पर्यंत उतरलेलं माणूस असं बोलेल कसं? मी थांबले, मीटर हातात घेतलं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत मिलिमोल लिहिलेलं, आपल्यासारखं मिलिग्रॅम नाही. 18 ने गुणलं तर आपलं जवळपास 256. त्यांना मी ग्लुकोज पाजणार होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून तू प्रत्येक प्रश्नात आधी युनिट बघ. उपाशीपोटी 7 म्हणजे आपलं 126. क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये, आपलं 1 म्हणजे तिथलं 88.

तिथलं जे आहे ते तिथूनच घे, आणि बरंचसं फुकट आहे. पीईबीसीच्या साइटवरचा अभ्यासक्रम आणि नमुना प्रश्न आधी उतरवून घे. औषधांची अधिकृत माहिती हेल्थ कॅनडाच्या डेटाबेसमध्ये मिळते. मधुमेहासाठी डायबेटिस कॅनडाची मार्गदर्शक तत्त्वं. आणि नॅप्राची शेड्यूल्स, म्हणजे कुठलं औषध कसं विकायचं याच्या तिथल्या याद्या, तोंडपाठ हवीत: इन्सुलिन तिथे शेड्यूल 2 मध्ये, चिठ्ठी लागत नाही पण फार्मासिस्टच्या हातूनच द्यायचं. आपल्या शेड्यूल एच आणि एक्सची सवय डोक्यातून काढावी लागेल.

पैसे खर्च करायचे तर एकाच चांगल्या टेस्ट सिरीजवर कर. कॅनडासाठीच तयार केलेली हवी, चालू आवृत्ती हवी, आणि चुकीचा पर्याय का चुकीचा हे तिने समजावलं पाहिजे. नुसतं 'उत्तर ब' लिहिणारी नको. दुसरी राहू दे. पैशांची काळजी तू करू नकोस.

बायोस्टॅटिस्टिक्सला तू घाबरतेस, पण ते आपल्या काउंटरवर रोज येतं. समज, 100 जणांत 10 जणांना झटका येत होता, गोळीने 6 जणांना आला. औषध कंपनीचा एमआर सांगणार, धोका 40 टक्क्यांनी घटला. खोटं नाही ते. पण 100 मागे वाचले 4, म्हणजे एक झटका टाळायला 25 जणांना गोळी द्यावी लागते. हा आकडा ज्या पुस्तकात असा पायरीपायरीने सोडवलेला असेल ते ठेव.

ओएससीईला, म्हणजे पेशंटशी बोलून दाखवायच्या परीक्षेला, अजून वेळ आहे, आधी इव्हॅल्युएटिंगची पहिली परीक्षा पार पडू दे. पण पेशंटशी बोलायची तयारी पुस्तकातून होत नाही, तोंडानेच करावी लागते. रविवारी तुझ्या सकाळी फोन कर, आपल्याकडे संध्याकाळ असेल. मी पेशंट बनते. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू आहे आणि गुडघा दुखतोय म्हणून आयबुप्रोफेन मागायला आलेय. मला काय विचारशील आणि काय देशील, ते इंग्रजीत सांग. बाबाही ऐकणार आहेत.

जेवण वेळेवर कर.

तुझी
आई